दगडावरची जागा

आपल्याच गावाला आपण पाहुणी म्हणून जायचं, तेही सहा परक्या माणसांच्या मांडीला मांडी लावून, व्हॅनमधून, गळ्यात बिल्ला अडकवून! ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली ते डोकं आधी तपासून घ्यायला हवं, असं वाल्ट्राउड रेटनबाखरचं ठाम मत होतं. आणि ते डोकं तिच्याच शिवणाच्या दुकानातल्या पोरींचं होतं, म्हणून तर राग जास्त. ज्यांना तिने सुई धरायला शिकवलं, त्या पोरींनी तिच्या पंचाहत्तरीला वर्गणी काढून भेट काय दिली, तर व्हिएन्नाहून साल्झबुर्गची एक दिवसाची सहल. छोटा गट, सोबत जाणकार वाटाड्या.

"साल्झबुर्ग?" ट्राउडी ओरडली होती. घरचे आणि दुकानातले तिला ट्राउडीच म्हणत. "अगं, मी जन्मलेय तिथे! लिन्झर गल्लीत, बेकरीच्या वरच्या माडीवर!"

"अय्या, मग तर छानच की!" पोरी म्हणाल्या. "किती वर्षांत गेला नसाल, फ्राउ माइस्टरिन!"

तीस वर्षांत. पण हे त्यांना कुठे ठाऊक होतं? ट्राउडीने माहेरचा विषय दुकानाच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊच दिला नव्हता. नाही जायचं, नाही जायचं, असं दोन आठवडे घोकून शेवटी ती गेली. का गेली हे तिने पोरींना सांगितलं नाही. आपल्याला सांगायला हरकत नाही. तिला एक दगड बघायचा होता.

रेटनबाखरांचा तो दगड कड्याखालच्या जुन्या दफनभूमीत भिंतीला लावून उभा आहे. उंटर्सबर्गच्या डोंगरातला फिकट गुलाबी संगमरवर. घराण्यातलं कुणी गेलं की आधीच्या नावाखाली त्याचं नाव कोरायचं, आणि नावाखाली पदवी. पदवीशिवाय कुणी खाली जात नाही तिकडे. माणूस मरतो, पदवी मरत नाही. ट्राउडीच्या बापाच्या नावाखाली ‘बेकरमाइस्टर’ आहे, म्हणजे परीक्षा देऊन सनद मिळवलेला बेकर. आईच्या नावाखाली ‘बेकरमाइस्टरची पत्नी’. आईने आयुष्यभर काय केलं ते त्यात आलं, असं सगळे धरून चालतात.

ट्राउडीनेही सनद मिळवली होती, शिवणकामातली. व्हिएन्नात, तीन वेळा परीक्षेला बसून. पण आईने तिला मरेपर्यंत माइस्टरिन म्हटलं नाही. ‘आमची धाकटी? ती शिवते काहीतरी तिकडे,’ एवढंच. आणि आई गेली तीही नेमकी फेब्रुवारीत, व्हिएन्नात नाचाच्या मेजवान्यांचा हंगाम ऐन भरात असताना. दुकानात अर्धे शिवलेले झगे लटकत होते. थोरली बहीण बुर्गी हिचा फोन आला, "ये." ट्राउडी म्हणाली, "शनिवारी येते." आई शुक्रवारी गेली.

मातीनंतरच्या जेवणाला खाणावळीत सगळे जमले होते. बुर्गी सुपाचा डाव हातात धरून उभी राहिली आणि साऱ्या भावकीसमोर म्हणाली, "या, माइस्टरिनबाई, या! झाले का झगे शिवून? एक सांगून ठेवते. या दगडावर तुझं नाव येणार नाही. मेलीस की तिकडेच कुठेतरी पुरून घे स्वतःला." ट्राउडीने कोट चढवला, टोपी घातली आणि सूप तसंच ठेवून निघाली. त्यानंतर दोघींत चिठ्ठी नाही, फोन नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असल्या दोघी. ट्राउडीने लग्न केलं नव्हतं. व्हिएन्नात तिचं म्हणावं असं दुकानाखेरीज काही नव्हतं. मेल्यावर दुकानात पुरत नाहीत, हे तिला अलीकडे फार आठवायचं. बुर्गीने बोलल्याप्रमाणे केलं का, दगडावर तिच्यासाठी जागा उरलीय की चुलत्यांची नावं कोरून भरून टाकली, एवढंच तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. कुणाला न कळता. म्हणजे मग कुठे पुरून घ्यायचं ते ठरवता आलं असतं.

तर ती व्हॅन.

वाटाड्या होता लोरेंझ. वय तिशीच्या आत-बाहेर, अंगात चामड्याची आखूड विजार आणि हिरव्या काठाचं जाकीट. ट्राउडीने जाकिटाच्या काजांकडे एकदा बघितलं. मशीनची होती, आणि वाईट मशीनची. व्हॅन सुरू होताच त्याने मागे वळून हात पसरले.

"मी लोरेंझ! आज आपण सगळे एक कुटुंब, तेव्हा अहो-जाहो बंद, काय? सगळ्यांना अरे-तुरे! तू ट्राउडी ना? यादीत एवढंच लिहिलंय."

पोरींनी बुकिंग करताना आडनावसुद्धा लिहिलं नव्हतं. ट्राउडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या देशात पोस्टमनसुद्धा ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, असं म्हटल्याशिवाय पाकीट हातात देत नाही, तिथे हा कालचा पोरगा तिला ‘तू’ म्हणत होता.

"कुटुंब नको," ती म्हणाली. "आमच्या कुटुंबात कुणी कुणाशी बोलत नाही."

सगळे हसले. शेजारी हाम्बुर्गचं टिडेमान नावाचं जोडपं होतं. त्यातल्या हेर टिडेमानने "काय गोड व्हिएनीज विनोद!" असं म्हणून तिचा फोटोही काढला.

"तू मूळचा कुठला रे?" ट्राउडीने लोरेंझला विचारलं. तू तर तू.

"क्लागेनफुर्टचा."

"वा!" ट्राउडी खिडकीकडे वळली. देशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातला पोरगा आता तिला तिचं गाव दाखवणार होता. तिने ठरवलं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मोकळा वेळ मिळाला की गुपचूप सटकायचं, दगड बघायचा, परत व्हॅनमध्ये येऊन बसायचं.

साल्झबुर्गला नेहमीचा पाऊस होता, दोऱ्या सोडल्यासारखा सरळ आणि चिवट. ऑक्टोबरचा शेवट. मृतांचा सण तोंडावर आलेला, म्हणून जो तो शेवंतीची नाहीतर एरिकाच्या जांभळ्या फुलांची कुंडी काखोटीला मारून चाललेला. गुरुवारचा बाजार उठत होता. पावसात भिजलेल्या फुलांच्या वासाने ट्राउडीला क्षणभर बरं वाटलं, पण तेवढंच. पुढे सगळा संताप. लिन्झर गल्लीतल्या दारादारावर, पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या किल्ल्या ठेवायच्या पेट्या लटकत होत्या. जिथे फ्राउ डॉक्टर श्टाडलर राहायची, जिथे घड्याळजी राहायचा, तिथे आता चाकांच्या बॅगा राहत होत्या. आणि बापाच्या बेकरीत बारमाही नाताळचं दुकान! भर ऑगस्टमध्येसुद्धा काचेचे लाल गोळे विकत असणार मेले. भट्टी होती तिथे भुसा भरलेलं रेनडिअर उभं होतं.

लोरेंझ नेमका तिथेच थांबला.

"इथे पूर्वी एक बेकरी होती. बेकर इतका दयाळू, की रोज संध्याकाळी उरलेला पाव गल्लीतल्या गरिबांना फुकट वाटायचा."

ट्राउडीचा बाप! जो काट्यावर माशी बसली तरी तिचं वजन धरायचा! चकार शब्द न काढण्याचा बेत तिथेच कोसळला.

"उरलेल्या पावाचे तुकडे करून वाळवतात आणि विकतात," ती म्हणाली. "त्याचे सुपात सोडायचे गोळे होतात. फुकट कोण देतं?"

"ट्राउडीला स्वयंपाकातलं बरंच कळतं हं!" लोरेंझ म्हणाला आणि छत्री वर धरून पुढे निघाला. आपल्या बापाबद्दल कुणी चांगलं खोटं बोललं तरी इतका राग येतो, हे ट्राउडीला त्या दिवशी कळलं. बापाने पहाटे दोनला उठून पीठ मळलं होतं, पोटाला चिमटा काढून घर चालवलं होतं. तो होता तसा का नाही पुरत या लोकांना?

पूल ओलांडला, चौक ओलांडला. कड्याखालची लोखंडी जाळी दिसली तशी ती मागे मागे राहायला लागली. आता हा मोकळा वेळ देणार, मग सटकू. तर हा उलटा जाळीच्या आत शिरला.

"मोकळ्या वेळेआधी एक खास जागा!" त्याने मुद्दाम आवाज खाली आणला. "ही कुठल्याच पुस्तकात नाही. फक्त माझ्या गटाला दाखवतो."

लोरेंझ नळापाशी टांगलेल्या, फुलांना पाणी घालायच्या झाऱ्यांवरून डावीकडे वळला, तिसऱ्या कमानीखाली गेला आणि थांबला. रेटनबाखरांच्या दगडासमोर. गट अर्धगोल करून उभा राहिला. ट्राउडी सगळ्यांत मागे, टिडेमानच्या रुंद पाठीआड.

"हे शेवटचं नाव बघा," लोरेंझ म्हणाला. "वाल्ट्राउड रेटनबाखर. जन्मसाल आहे. मग एक आडवी रेघ. आणि पुढे काही नाही! का नाही?"

ट्राउडीने टिडेमानच्या खांद्यावरून मान उंच केली. चष्मा ओला झाला होता. तिने तो पुसला, घातला, परत काढून पुसला. बापाचं नाव. आईचं नाव. त्याखाली, अगदी दगडाच्या पायथ्यापर्यंत, ताज्या धारेच्या अक्षरांत तिचं नाव.

"वाल्ट्राउड ही इथली सर्वांत देखणी मुलगी," लोरेंझ सांगत होता. "व्हिएन्नाला शिवणकाम शिकायला गेली. एका बड्या घरच्या पोराच्या प्रेमात पडली. त्याने फसवलं. मग एका थंडीच्या दिवशी, त्याच्याच लग्नाचा पोशाख शिवून झाल्यावर, तिने दान्यूबमध्ये..."

"अगबाई!" फ्राउ टिडेमान म्हणाली.

"देह सापडलाच नाही. म्हणून तारीख नाही. घरचे अजून वाट बघतात."

"दान्यूबमध्ये?" मागून आवाज आला. असा आवाज, की झाडावरचे कावळे उडाले. "मी? दान्यूबमध्ये? कुणासाठी रे, मेल्या? कुठला बड्या घरचा पोर?"

बोलताना व्हिएन्नाची सफाईदार भाषा कुठल्या कुठे गेली होती. तोंडातून निघत होती ती लिन्झर गल्लीची बोली, पिठाच्या पोत्यांवर बसून शिकलेली. टिडेमानला बाजूला सारून ती पुढे आली.

"ट्राउडी, काय झालं?" लोरेंझने विचारलं.

"ट्राउडी नाही! फ्राउ रेटनबाखर! वाल्ट्राउड रेटनबाखर! हीच ती, देह न सापडलेली! हा बघ देह! सकाळपासून तुझ्या व्हॅनमध्ये बसून आलाय!"

लोरेंझने दगडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला, जसा पहिल्याच धुण्यात कच्च्या कापडाचा उतरतो.

"दर गुरुवारी हेच सांगतोस? तिकीट लावून मला बुडवतोस? आणि बापाला दानशूर करतोस! जिवंत माणसाला मारायला आणि मेलेल्याला रंगवायला परवाना कुणी दिला रे तुला? काजं बघ आधी स्वतःची!"

"मला वाटलं... इथे एक बाई पाणी घालायला येतात. त्यांना मी विचारलं, ही कधी गेली? त्या म्हणाल्या, व्हिएन्नाला गेली ती गेली. म्हणून मी आपलं..."

"बाकीचं तू शिवलंस!"

हेर टिडेमान फोन सरसावून पुढे झाला. चेहरा अगदी भक्तिभावाचा. "माफ करा, पण हे तर विलक्षणच आहे. दगडाशेजारी उभ्या राहता का? जरा नावाच्या बाजूला. आणि हसा थोडं."

ट्राउडीने छत्री मिटली. मिटलेली छत्री ज्या तऱ्हेने तिने धरली, ती बघून फ्राउ टिडेमानने नवऱ्याला कोपराने मागे ओढलं. लोरेंझने घाईघाईने मोकळा वेळ जाहीर केला, पाच वाजता पुलापाशी जमायचं म्हणाला, आणि गट जाळीबाहेर पसार झाला. खास जागा मिनिटात ओस पडली.

आता दगड आणि ती. मघाशी तिने फक्त नाव वाचलं होतं. आता खालच्या दोन ओळी वाचल्या. आधी नीट कळलंच नाही, कारण असं काही तिथे असेल असं तिने स्वप्नातही आणलं नव्हतं. दोन ओळी व्यापून, बापाच्या पदवीपेक्षा ठळक: ‘शिवणकलेची माइस्टरिन, व्हिएन्ना’.

तिने हात पुढे केला आणि अक्षरांच्या खाचेत बोट फिरवलं. काम चांगलं होतं. कडा स्वच्छ. आणि त्या क्षणी तिला जो राग आला, त्यापुढे मघाचा राग म्हणजे काहीच नव्हता. तीस वर्षं तिने मनाशी धरलं होतं, की या दगडाने तिला बाहेर काढलंय. त्यावर ती जगली होती. त्यावर हट्टाने उभी होती. आणि इथे कुणीतरी, तिला न विचारता, न कळवता, गुपचूप तिला आत घेऊन ठेवलं होतं! कधीपासून? किती वर्षं ती उगाच रागावत बसली होती?

"झाऱ्याच्या वाटेत उभी राहू नकोस," मागून कुणीतरी म्हणालं.

बुर्गी होती. एका हातात भरलेला झारा, दुसऱ्यात एरिकाची कुंडी, डोक्याला प्लास्टिकचा रुमाल. वाकली होती, आटली होती, पण नाक तेच.

"हे काय आहे?" ट्राउडीने दगडाकडे बोट केलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"वाचता येत नाही का? चष्मा बदल."

"माझं नाव! मला न विचारता!"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"अर्थातच नको म्हणाले असते! तू काय बोलली होतीस भर जेवणात? आठवतं का?"

"शब्द न् शब्द आठवतो. डाव हातात होता." बुर्गीने कुंडी खाली ठेवली. "बारा वर्षं आईचं सगळं काढलं मी, सगळं. आणि तू म्हणालीस, शनिवारी येते. मग काय तुझी आरती ओवाळायची होती?"

"मग नाव कशाला कोरलंस?"

"हेलमुटमुळे."

हेलमुट म्हणजे चुलतभाऊ, गोल्लिंगचा, ज्याला दोघींनी लहानपणी एकदा पिठाच्या हौदात कोंडलं होतं.

"सहा वर्षांपूर्वी माझ्या छातीत कळ आली," बुर्गी सांगू लागली. "इस्पितळात होते. परत येते तर काय, हेलमुटची बायको इथे फीत लावून माप घेतेय. मी गेले की दगड त्यांचाच. आयत्या बिळावर नागोबा! म्हटलं, थांब. उठले, गेले दगडवाल्या श्विंगरकडे आणि जागा अडवून टाकली. कोरलेल्या नावावर हेलमुट काय करणार?"

"आणि पदवी? ती कुठून काढलीस?"

बुर्गी झारा वाकवून पाणी घालत राहिली. पाऊस पडत असताना पाणी घालत होती, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

"तुझ्या पाटीवरून. एकदा आले होते व्हिएन्नाला, डोळे दाखवायला. समोरच्या फुटपाथवर उभी राहून पाटीवरचं लिहून घेतलं."

"दुकानासमोर? आणि आत आली नाहीस?"

"तू गिऱ्हाइकाशी भांडत होतीस. कशाला मध्ये पडा?"

"मी कधी गिऱ्हाइकाशी भांडत नाही!"

"नाही ना? बरं." बुर्गीने झारा सरळ केला. "आणि पदवी घातली ती तुझ्यासाठी नाही. आईसाठी. जन्मभर तिच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. आता तिच्याच डोक्यावर कोरलाय. पडल्या पडल्या वाचू दे की!"

ट्राउडीला हसू फुटलं आणि ते तिने रागाने गिळलं. हसायचं नव्हतं तिला. अजून पुष्कळ भांडायचं होतं. काहीतरी धरून भांडायला म्हणून तिने पुन्हा दगड वरपासून खालपर्यंत वाचला, आणि शेवटच्या ओळीवर थबकली. त्याखाली बोटभर जागा नव्हती. तिथून थेट माती.

"बुर्गी," ती म्हणाली, "तुझं नाव कुठे?"

"कुठलं नाव?"

"तुझं! नोटबुर्गा! तू थोरली, तू इथे राहिलीस. तुझं नाव कुठेय?"

"तुझी पदवी केवढी लांब ते बघ ना. श्विंगर म्हणाला, नुसतं नाव घाल, म्हणजे खाली तुझंही बसेल. पदवी घातलीस तर दगड संपला." बुर्गीने खांदे उडवले. "म्हटलं, घाल पदवी."

"आणि तू?"

"मी येईनच इथे खाली. नाव कशाला हवं? मला सगळं गाव ओळखतं. पाटी लागते ती परगावी राहणाऱ्याला. तुझ्याबद्दल विचारतील लोक, ही कोण म्हणून."

गळ्यातला बिल्ला ट्राउडीने ओरबाडून काढला आणि खिशात कोंबला.

"मूर्ख!" ती म्हणाली. "गाढव! सहा वर्षं हे असं ठेवलंस? उद्या तू मेली असतीस, मी मेले असते, आणि मी इथे माझ्या पदवीसकट पसरले असते आणि तू माझ्या पायाशी बिननावाची? लोक काय म्हणाले असते मला? नाही, मी काय म्हणाले असते मला? चल!"

"कुठे?"

"श्विंगरकडे. घासून काढायचं ते."

"हात लावून बघ!" बुर्गी झारा घेऊन दगडाच्या आडवी उभी राहिली. "एक अक्षर काढू देणार नाही. माझा दगड आहे."

"माझाही आहे! त्यावर माझं नाव आहे!"

"चोराच्या उलट्या बोंबा! आत्ता तर म्हणत होतीस, मला न विचारता!"

असं भांडत भांडतच दोघी जाळीबाहेर पडल्या. छत्री एक होती आणि दोघींपैकी कुणीच ती नीट धरत नव्हतं. वाटेत ट्राउडीचा फोन वाजला. लोरेंझ होता. पाच वाजून गेले होते, सगळे पुलापाशी थांबले होते, आणि आता तो फार जपून, फार आदराने अहो-जाहो करत होता.

"जा तुम्ही," ट्राउडी म्हणाली. "मी येत नाही. आणि हे बघ, दान्यूब काढून टाक त्या गोष्टीतून. काय सांगू मग, म्हणतोस? सांग, की ती व्हिएन्नाहून रागाने परत आली. हो, हयात आहे. रागावलेलीच आहे."

श्विंगर चिरे लावून वखार बंद करायच्या बेतात होता. सत्तरी ओलांडलेला, अंगभर पांढरी भुकटी. दोघी बहिणींनी एकाच वेळी बोलून त्याला जे काय समजायचं ते समजू दिलं. त्याने कान खाजवला.

"पदवीच्या दोन ओळी घासून काढता येतील," तो म्हणाला. "दगड थोडा खोल जाईल तिथे, पण जमेल. नोटबुर्गाचं नाव बसेल आरामात."

"नाही जमणार," बुर्गी म्हणाली.

"जमेल," ट्राउडी म्हणाली. "घ्या लिहून. नोटबुर्गा रेटनबाखर."

श्विंगरने पेन्सिल कानामागून काढली. आणि मग त्याने ते विचारलं, जे त्याचा बाप विचारायचा, आजा विचारायचा, त्या गावात प्रत्येक दगडवाला प्रत्येक मेल्या माणसाबद्दल विचारतो.

"पदवी?"

बुर्गी रुमालाची गाठ सोडू लागली. "मला कसली आलीय पदवी," ती म्हणाली. "गल्ल्यावर बसले. घर बघितलं. तिथे काही लिहू नको रे. नुसतं नाव."

"नुसतं नाव?" ट्राउडीने टेबलावर अशी थाप मारली, की भुकटी उडाली. सकाळपासून साठलेला सगळा संताप, व्हॅनचा, रेनडिअरचा, टिडेमानचा, एका ठिकाणी जमा झाला होता. "नुसतं नाव का? बारा वर्षं हिने आईला उचललं, धुतलं, भरवलं. रोज. मी चार बायकांचे झगे शिवले तर मला सनद, माझ्या नावाखाली दोन ओळी! आणि हिने जे केलं त्याला या अख्ख्या देशात एक शब्द नाही? सतराशे पदव्या आहेत तुमच्याकडे! सरकारी कारकुनाच्या बायकोला पदवी आहे, घोडागाडीवाल्याला आहे! हिला नाही? सांगा, श्विंगर! का नाही? कुणाला विचारायचं मी?"

श्विंगरने पेन्सिल कागदावर टेकवली आणि परत उचलली. रस्त्यावरून कुंड्या घेऊन चाललेली दोन माणसं दारात थांबून आत बघू लागली. बुर्गीने बहिणीची बाही ओढली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तोच, फटकळ.

"हळू बोल, ट्राउडी. लोक ऐकतायत."

"ऐकू देत!" ट्राउडी दाराकडे वळून ओरडली. "मी काय परगावची आहे?"